काचघरातला ठेका

२ फेब्रुवारी

प्रिय काडी,

आधी आशीर्वाद घे, मग बोलणी खा.

तुझ्या बायकोनं मधली खोली रिकामी केली, भिंतींना पिवळा रंग दिला, खिडकीशी माझ्या कुंड्यांसाठी फळी ठोकून घेतली, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. तिला सांग, सख्ख्या लेकीनं केलं नसतं इतकं केलंस. पण मी येणार नाही. गुडघा माझा, शिडी माझी आणि शिडीवरून पडले तीही मीच. काचघराच्या छपराची काच बसवायला आता मी माणूस बोलावते. झालं समाधान?

फोन उचलत नाही म्हणून फुगून बसू नकोस. तो मेला नुसता खरखरतो. शिवाय फोनवर तू 'हं, हं' करत असतोस आणि मनात प्रयोगशाळेतली बियाणी निवडत असतोस, हे मला इथून दिसतं. पत्रात माणूस निदान एखादी ओळ तरी विचार करून लिहितो. तेव्हा यापुढं पत्रच.

आता खरं कारण ऐक. मी ही रोपवाटिका सोडली तर रोपांना दादाचं व्हायोलिन कोण ऐकवणार? हसलास ना? तुझा बाप हयात होता तेव्हाही तू असाच हसायचास, फक्त तोंड लपवून. दादा छापखान्यातून आला की हातपाय धुऊन व्हायोलिन काढायचा आणि वहिनी म्हणायची, "वाजवायचं तर काचघरात जा, मला इथं जगायचंय." असा तो माझ्याकडे आला. बायकोनं हाकललं म्हणून रोपांना संगीत मिळालं! आणि त्या वर्षीपासून आपली रोपं अशी निघायला लागली की लोक पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून टोपल्या घेऊन यायचे.

त्याचा श्वास पुरेनासा झाला तेव्हा मी त्याचं वाजवणं टेप करून घेतलं, ते काही माझ्या करमणुकीसाठी नाही. रोपांची सवय मोडू नये म्हणून. सकाळी पाणी घालून झालं की मी बटण दाबते, चकत्या फिरायला लागतात आणि दादा सुरू. ते ऐकून रोपं जोम धरतात. तुझ्या विज्ञानाला पटो न पटो.

तुझी
आत्या


११ फेब्रुवारी

ती. आत्या,

कंबर धरून का होईना, पण वाकून नमस्कार.

तुझं पत्र वाचून बायको म्हणाली, "नाही म्हणायला निदान रंग वाळेपर्यंत तरी थांबायचं." ती रागावलेली नाही. तिनं फळी आणखी रुंद करून घेतली आहे.

तू शिडीवरून पडलीस हे मला तुझ्याकडून नाही, शेजारच्या बेकरीवाल्याकडून कळलं. माणूस बोलावते म्हणतेस, पण तो येईपर्यंत तूच वर चढशील हे मी ओळखून आहे. मला भीती वाटते, आत्या. काम करता करता मधेच वाटतं, तू काचांवर पडली असशील आणि कुणाला पत्ताही नसेल. आई गेली, बाबा गेले. माझं लहानपण ज्याला ठाऊक आहे असं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही.

आणि मी काचघर विसरलो असं समजू नकोस. ट्रे ठेवायच्या लांब टेबलाखाली बसून मी पाढे पाठ करायचो. फळ्यांच्या फटीतून मानेवर पाणी ठिबकायचं. गरम नळीला पाठ लावली की बाहेर कितीही थंडी असो, आत ओल्या मातीचा उबदार वास. वर बाबा एकच अवघड जागा पुन्हापुन्हा वाजवत असायचे आणि तू म्हणायचीस, "दादा, टोमॅटो कंटाळले." तसं निवांत मला नंतर कुठंही वाटलेलं नाही. आमच्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात तर नाहीच नाही.

पण म्हणून खोटं कसं बोलू? गाण्यानं रोपं वाढत नाहीत. त्यांना कान नसतात. तुला पटत नसेल तर पैज लावू. टोमॅटोचं एकाच पुडीतलं बी घे. काचघराला मधे जी काचेची भिंत आहे, तिच्या एका बाजूला निम्मे ट्रे ठेव आणि दुसऱ्या बाजूला निम्मे. माती तीच, पाणी तेवढंच, ऊन तेवढंच, ऊब तेवढीच. एका बाजूला बाबांची टेप लाव, दुसरीकडे काही नको, दार बंद. गाण्याकडची रोपं सरस निघाली तर तिथंच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघाली तर रोपवाटिका बंद करायची आणि पिवळ्या खोलीत यायचं. बेकरीवाल्याला लाकडं ठेवायला जागा हवीच आहे.

बोल, आहे तयारी?

काडी


२० फेब्रुवारी

प्रिय काडी,

तयारी? अरे, तू पैज म्हणालास आणि मी कुदळ घेऊन उभी राहिले.

काल पेरलं. बी एकाच पुडीतलं, माती एकाच घमेल्यात कालवलेली. गाणं रस्त्याच्या बाजूला, कारण माझी खुर्ची तिथं आहे आणि टेपरेकॉर्डर फळीवर ठेवलेला आहे. मागच्या बाजूला निव्वळ शांतता. तिकडे मी झारी घेऊन जाते, पाणी घालते आणि मुकाट्यानं परत येते. दार घट्ट लावते. तुझ्या विज्ञानानं माझ्यावर पहारा बसवला तरी काही सापडायचं नाही.

बेकरीवाल्याला आत्ताच लाकडं आणू नकोस म्हणून सांगितलं. तो काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच पुटपुटतात. पोस्टमन पूर्वी कोपऱ्यावरून ओरडत यायचा, आता दारात उभा राहून नुसते ओठ हलवतो. माणसांतला जोरच गेला आहे. बेकरीच्या भट्टीचं लोखंडी दार पहाटे केवढ्यानं आपटायचं, आठवतं? तेही आता गुमान असतं. मला वाटतं, बिजागरीला तेल घातलं असावं. तीस वर्षं मी सांगत होते, तेव्हा कुठं घातलं.

मोठी किटली जळली. हल्लीच्या किटल्यांत काही दम नसतो.

तुझ्या बापाची मात्र कमाल आहे. काल ऐकता ऐकता वाटलं, असा तो हयातीतही वाजवत नव्हता. टेप मुरते की काय लोणच्यासारखी?

आत्या


१ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. घाईत आहे, थोडक्यात लिहितो.

कोंब वर आले की दर आठवड्याला उंची मोजून कळव. पट्टीनं मोज, बोटांनी नको. आणि गाण्याच्या बाजूला जास्त पाणी घालायचा मोह होईल, तो आवर.

मी तीनदा फोन केला. वाजत राहतो, तू उचलत नाहीस. माझ्यावर रागावली असशील तर तसं सांग. तू गप्प बसलीस की मला शाळेतून उशिरा आल्यासारखं वाटतं.

काडी


२४ मार्च

प्रिय काडी,

रागबिग काही नाही. सांगितलं ना, फोन बिघडलाय.

पट्टी सापडत नाही. ती तुझ्याच दप्तरातून कुठंतरी गेली असणार. तेव्हा बोटंच. गाण्याकडची रोपं चार बोटं. शांततेकडची जवळजवळ वीत.

आता मी काही बोलत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझ्या बायकोला सांग, फळी सुंदर आहे, तिच्यावर तिनं स्वतःच्या कुंड्या ठेवाव्यात. मी टोमॅटोची दोन रोपं पाठवते. अर्थात गाणं ऐकलेली!

विजयी
आत्या


३१ मार्च

ती. आत्या,

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मग बायकोकडून वाचून घेतलं. गाण्याकडची चार बोटं आणि शांततेकडची वीतभर. म्हणजे बाबांच्या व्हायोलिननं रोपं खुंटली! आणि खाली 'विजयी आत्या'?

मला जिंकल्याचा आनंद झाला असं म्हणणार नाही. पण पैज ती पैज. मेच्या पहिल्या रविवारी गाडी घेऊन येतो. सामान फार बांधू नकोस. खुर्ची मात्र घेऊ, ती तुझ्याशिवाय राहायची नाही.

काडी


५ एप्रिल

अरे गाढवा,

तू बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहेस की काठ्यांच्या वखारीत?

ज्या घरात वाढलास त्या घरातला शब्द विसरलास? बी उगवून ताडासारखं उंच झालं, देठ सुतासारखा, पान फिकट, की दादा काय म्हणायचा? "हे पळालं." आणि पळालेलं रोप आपण गिऱ्हाइकाला कधी दिलं नाही. बाहेर लावलं की पहिल्या वाऱ्यात ते आडवं. शांततेकडची सगळी पळालीत. गाण्याकडची बसकी आहेत, देठ बोटात धरला तर काडीपेटीतल्या काडीहून जाड, पानं काळपट हिरवी. हात आपटला तरी हलत नाहीत. वाढ म्हणजे लांबी असती तर तुला लहानपणीच बक्षीस मिळालं असतं. तूही पळालेलाच, म्हणून तर काडी नाव पडलं.

विश्वास नसेल तर येऊन बघ. डोळ्यांनी बघ, पट्टीनं नको. गाडी आण हवी तर, पण रिकामी परत न्यावी लागेल.

आत्या


२२ एप्रिल

ती. आत्या,

परवा तुझ्याकडून निघालो तेव्हा तू दारात उभी राहून विचारलंस, "मग? कोण जिंकलं?" आणि मी म्हणालो, "पत्रात लिहितो." तू हसून मान हलवलीस. मी काय म्हणालो ते तुला कळलं नव्हतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून हे पत्र.

रोपांचं आधी. तू खरं सांगत होतीस. गाण्याच्या बाजूची रोपं नुसती सरस नाहीत, अशी रोपं मी आमच्या प्रयोगशाळेतही पाहिलेली नाहीत. शांततेकडची पळालीत. हे मी कुठल्याही कागदावर लिहून देईन.

आता दुसरं. मी काचघरात शिरलो तेव्हा तू पाठमोरी खुर्चीत बसली होतीस. आत घरात किटली शिटी मारत होती. शिटी म्हणजे काय, किंकाळी. मला रस्त्यावर ऐकू आली. तू हललीसुद्धा नाहीस. मी हाक मारली. दुसरी मारली. मग पुढं येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तू दचकलीस आणि म्हणालीस, "मांजरासारखा काय येतोस?" आत्या, मी बूट वाजवत आलो होतो.

फळीवर टेप फिरत होती आणि काचघरात आवाज नव्हता. काहीच नव्हता. मला वाटलं बाबांचा एखादा तुकडा संपून दुसरा सुरू व्हायचा असेल. थांबलो. तू मात्र डोळे मिटून मान हलवत होतीस.

पुढं तू गिऱ्हाईक आलं म्हणून फाटकाशी गेलीस तेव्हा मी टेपरेकॉर्डर उलटा करून पाहिला. आवाजाच्या डब्याकडे जाणारी तार उंदरानं कुरतडली आहे. कुरतडलेल्या टोकावर धूळ आणि जाळं. ही गेल्या आठवड्यातली गोष्ट नाही. तू बी पेरलंस त्याच्या कितीतरी आधीपासून तो डबा मुका आहे.

मी तार जोडली. तू परत येऊन बसलीस, बटण दाबलंस आणि बाबा एकदम वाजायला लागले. इतक्या वर्षांनी, आणि त्याच जागी. तुझ्याकडे पाहिलं. तुझा चेहरा जसा होता तसाच. तुझा हात रोपांच्या शेंड्यांवरून ठेका धरत फिरत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आणि तो ठेका बाबांच्या वाजवण्याशी जुळत नव्हता. तू दुसरंच काहीतरी ऐकत होतीस.

तिथंच मला उत्तर मिळालं. रोपांच्या शेंड्यांवरून रोज हात फिरवला तर ती बसकी आणि जाड होतात. उघड्यावर वारा जे काम करतो ते काचेआड हात करतो. मी तुला माती सारखी ठेव म्हणालो, पाणी सारखं, ऊन सारखं. आत्या कुठं बसते आणि तिचा हात कुठं असतो, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही. बाबा वाजवायचे तेव्हाही तू तिथंच बसून ठेका धरायचीस. टोपल्या घेऊन लोक यायचे ते तुझ्या हातामुळं, व्हायोलिनमुळं नाही.

हे सगळं तिथंच, तोंडावर सांगायला हवं होतं. पण तुला ऐकू आलं नसतं आणि ओरडून सांगण्यासारखं हे नव्हतं. तू एकटी राहतेस, आत्या. किटली, नळ, दार, फोन, काही तुला कळत नाही. मी काय करू ते सांग.

काडी


१२ मे

प्रिय काडी,

तुझं पत्र वाचून आठवडाभर तुझा राग राग केला. पुढच्या आठवड्यात उंदराचा. मग करायला कुणी उरलं नाही.

कान दोन वर्षं जात होते. आधी पाखरं गेली. मग भट्टीचं दार, मग माणसं. मला वाटलं जगच जरा हळू बोलायला लागलंय. खोटं कशाला लिहू, वाटलं नाही, वाटून घेतलं. ऐकू येत नाही असं एकदा तोंडातून निघालं की तू दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात, हे मला माहीत होतं. म्हणून फोनवर आळ घेतला. बिचारा फोन धडधाकट आहे.

पण एक सांगते, दादा मला ऐकू येत होता. ती बतावणी नव्हती. चकत्या फिरायला लागल्या की तो सुरू व्हायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग मी इतके दिवस काय ऐकत होते रे? तू शिकलेला आहेस, तू सांग. मला फार एकटं वाटलं तुझं पत्र वाचून. दादा गेला तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा टेप होती.

तर गाण्याचा काही संबंध नव्हता, असं ठरलं. म्हणजे तू जिंकलास. मी रडीचा डाव खेळणारी नाही. टोमॅटोची रोपं संपली, ट्रे धुऊन पालथे घातले. बेकरीवाल्याला सांगितलं, लाकडं आण. तो आत गेला आणि माझ्यासाठी ताजा पाव घेऊन आला.

गाडी कधी आणतोस ते कळव.

आत्या


१७ मे

ती. आत्या,

नमस्कार, आणि आधी बेकरीवाल्याला जाऊन सांग, लाकडं आणू नकोस.

पैज काय होती ते मी पुन्हा आठवून पाहिलं. मी असं लिहिलं होतं की एका बाजूला बाबांची टेप लावायची आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. टेप वाजलीच नाही. दोन्ही बाजूंना शांतताच होती. म्हणजे प्रयोग झालेलाच नाही. जो प्रयोग झाला नाही त्यात मी जिंकलो कसा आणि तू हरलीस कशी? आमच्या प्रयोगशाळेत असा निकाल कुणी माझ्यापुढं ठेवला असता तर मी कागद परत केला असता. पैज रद्द. पुन्हा पेरावं लागेल.

आणि या वेळी नीट. हाताचंही पाहायला हवं, म्हणून चार गट कर. पहिल्याला गाणं आणि हात. दुसऱ्याला गाणं, पण हात नाही. तिसऱ्याला हात, पण गाणं नाही. चौथ्याला दोन्ही नाही. प्रत्येक ट्रेला खोचायला चिठ्ठ्या लिहून सोबत पाठवतोय. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार नाही, कारण हात तुझाच हवा आणि काचघर तेच हवं. नियम म्हणजे नियम, आत्या. माझा नाइलाज आहे.

आता माझ्या अटी. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन यंत्र बसवून घ्यायचं. दाराची घंटा दाबली की आत दिवा लागेल असं मी करून घेतो, माणूस पुढच्या आठवड्यात येईल. किटली फेकून दे, आपोआप बंद होणारी पाठवतोय. रोज सकाळी बेकरीवाल्याला तोंड दाखवायचं. तो हो म्हणालाय.

खरं सांगू? मला तू इथं हवी आहेस. खोली पिवळी आहे आणि रिकामी आहे, आणि बायको अधूनमधून तिच्यात जाऊन उगाच उभी राहते. पण ट्रे पालथे घालून आलेली आत्या मला नको. ती इथं येऊन पळालेल्या रोपासारखी खिडकीशी उभी राहील आणि मला ते बघवणार नाही.

तू काय ऐकत होतीस ते मला सांगता येत नाही. मी शिकलो त्यात ते नव्हतं.

काडी


२६ जून

प्रिय काडी,

यंत्र बसवलं. मेलं भयंकर आहे. माझ्या स्वतःच्या चपला एवढ्यानं वाजतात हे मला ठाऊक नव्हतं. बेकरीवाल्यानं बिजागरीला तेलबिल काही घातलेलं नाही, भट्टीचं दार पूर्वीसारखंच आपटतं. त्याचा मी तीस वर्षं राग केला, परवा ते ऐकून रडले. पोस्टमनला म्हटलं, ओरडू नकोस, मी काय बहिरी आहे?

या दिवसांत टोमॅटो नाही, म्हणून कोबी पेरला. चार गट केले, तुझ्या चिठ्ठ्या खोचल्या. वहिनी असती तर म्हणाली असती, आत्या-भाचा दोघांनाही बांधून ठेवा.

मग टेप लावली. तू जोडलेली तार छान चालते. यंत्र कानात, आणि दादा सुरू झाला. काडी, काय सांगू तुला! अरे, किती वाईट वाजवायचा तो! सूर चढलेला, आणि ठेक्याला तर इतका कच्चा की मधेच धावतो, मधेच कुणाची तरी वाट बघत थांबतो. मी ठेका धरून बसले, पण जुळेना. तू लिहिलंस ना, माझा ठेका त्याच्याशी जुळत नव्हता? चूक माझी नाही, त्याची. वहिनी उगाच नाही त्याला हाकलत होती. खूप हसले. मग लक्षात आलं, की हा असाच वाजवायचा आणि आपण असंच हसायचो, आणि इतक्या वर्षांत मी त्याला मनातल्या मनात शिकवून शिकवून तयार केलं होतं. टेप पुन्हा लावली. त्या चुका ऐकायला बरं वाटलं. तो खराच तिथं आल्यासारखं वाटलं.

पहिला आणि दुसरा गट तुझ्या हुकमाप्रमाणे चालू आहे. चौथ्याकडे मी बघतही नाही. अडचण तिसऱ्याची आहे. हात आहे, गाणं नाही, असं तुझ्या चिठ्ठीवर लिहिलंय. म्हणून मी टेप बंद करते, यंत्र काढून डबीत ठेवते, मागच्या बाजूला खुर्ची नेते, दार लावते आणि रोपांवर हात ठेवते. हात ठेवला रे ठेवला की दादा सुरू होतो. सुरात, ठेक्यात, एकही चूक न करता. थांब म्हटलं तरी थांबत नाही. पंधरवडा मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला.

तेव्हा 'गाणं नाही' ही चिठ्ठी मी त्या ट्रेमधून काढून टाकली आहे. खोटं कशाला लिहायचं? हाही प्रयोग बाद धर. पुढच्या हंगामात पुन्हा पेरू.

तुझी
आत्या